शेरूचे शेवटचे महिने

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर शेरू साडेतेरा वर्षांचा आहे. त्याची मूत्रपिंडे बरीच निकामी झाली असून मागच्या पायांत संधिवात आहे. आता काही महिनेच उरले आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तो भांड्यापाशी येतो, वास घेतो आणि तोंड फिरवतो. रात्री घरात लघवी करतो म्हणून संध्याकाळनंतर आम्ही पाणी उचलून ठेवतो. दुखण्यासाठी घरातली एखादी गोळी द्यावी का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सर्वांत आधी पाण्याचे भांडे पुन्हा जागेवर ठेवा. थकलेल्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही. शरीरातले पाणी वाहून जाते आणि ते भरून काढण्यासाठीच शेरू सारखा पाणी पितो. पाणी बंद केल्याने लघवी थांबत नाही, शरीर मात्र कोरडे पडते आणि त्याचा त्रास वाढतो. त्याऐवजी झोपण्यापूर्वी आणि पहाटे त्याला बाहेर न्या आणि अंथरुणावर बदलता येईल असे शोषक कापड घाला. घरात लघवी झाली तरी कृपया रागावू नका. ते त्याच्या हातात राहिलेले नाही.

घरातली गोळी मात्र अजिबात देऊ नका. आयब्युप्रोफेन कुत्र्यांच्या पोटात व्रण करते आणि मूत्रपिंडांवरही घाव घालते, तर पॅरासिटामॉलने यकृताला इजा होऊ शकते. कुत्र्यांसाठीची नेहमीची वेदनाशामकेसुद्धा अशा आजारात जपूनच द्यावी लागतात. तेव्हा शेरूला कोणते औषध आणि किती मात्रेत चालेल, हे त्याचे रक्त तपासून डॉक्टरांनाच ठरवू द्या. कुत्रे दुखणे क्वचितच ओरडून सांगते. रात्री सारखी जागा बदलणे, बसताना अडखळणे, एकाच सांध्याला चाटत राहणे, पाठीवर हात ठेवताच अंग आक्रसून घेणे, या खुणांवर लक्ष ठेवा आणि त्या डॉक्टरांना सांगा.

भांड्यापाशी येऊन तोंड फिरवणे हा हट्ट नव्हे. भूक आहे, पण मळमळ जेवू देत नाही, असाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो; अशी कुत्री ओठ चाटतात आणि लाळ गिळत राहतात. मळमळीवर चांगली औषधे आहेत, ती मागून घ्या. अन्न किंचित कोमट करून, दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे हातावर द्या. मूत्रपिंडांच्या आजारासाठी मिळणारा कमी फॉस्फरसचा आहार उत्तम, पण तो तोंडाला लावत नसेल तर उपाशी ठेवण्यापेक्षा तो खाईल ते, डॉक्टरांना विचारून, दिलेले बरे. तोंड उघडून बळजबरीने घास भरवू नका, कारण त्याने अन्नाची नावडच बसते.

घरातल्या गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय फाकत असणार. त्याच्या वाटेवर रबरी चटया किंवा जुन्या योगा मॅट अंथरा, नखे कापून घ्या आणि उठताना पोटाखालून टॉवेल घालून आधार द्या. गादी जाड असावी. तो स्वतः कूस बदलत नसेल, तर दर दोन-तीन तासांनी तुम्ही बदला, नाहीतर कोपरांवर आणि खुब्यांवर जखमा होतात.

निरोपाची वेळ कधी आली, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, तरी तो मनात असेलच. अमेरिकन पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी त्यासाठी एक मोजपट्टी दिली आहे : वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त असणे, अशा सात बाबींना 0 ते 10 गुण द्यायचे; स्थिती जितकी चांगली (म्हणजे वेदना जितकी कमी) तितके गुण जास्त. बेरीज 35 च्या वर राहिली, तर सांभाळत राहणे योग्य मानले जाते. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण द्यावेत, कारण जो सर्वांत जास्त जीव लावतो त्याला वाईट दिवस दिसत नाहीत, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

तशी वेळ आलीच, तर डॉक्टरांना घरी येता येईल का, हे विचारा. आधी गुंगीचे औषध देण्याचा आग्रह धरा. शेरू शांत झोपला की मगच शेवटचे इंजेक्शन दिले जाते. त्यानंतर डोळे उघडेच राहतात, एखादा खोल श्वास येऊ शकतो आणि लघवी सुटते. हे त्याच्या वेदनेचे लक्षण नसते, तेव्हा जवळ बसणाऱ्या सर्वांना याची कल्पना आधीच द्या.