तोंड आवळत चालले, म्हणजे आजार परतला का?

तोंडाच्या कर्करोगाचे रेडिएशन संपून काही महिने लोटले की हा प्रश्न हमखास येतो. सातारा जिल्ह्यातील पन्नाशीचे एक शेतकरी पत्नीसह आले, तेही हीच धास्ती घेऊन. गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, त्याच वेळी मानेतील गाठी काढणे आणि पुढे रेडिएशन, असे सारे उपचार पार पडले होते. सुरुवातीला कुस्करलेली भाकरी जात होती. आता चमचा तिरका केल्याशिवाय तोंडात शिरत नव्हता. “ताई, तोंड उघडण्याचे व्यायाम सांगितले होते, पण टाके उसवतील म्हणून मीच करू दिले नाहीत,” असे सांगताना त्यांच्या पत्नीचे डोळे भरून आले.

मी त्यांना आधी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवले. तोंड आवळणे हा बहुतेक वेळा उपचारांचाच परिणाम असतो. तरीही नवी गाठ, न भरणारी जखम किंवा वाढते दुखणे नाही ना, हे तपासल्याशिवाय कुणालाही धीर देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तपासणीत तसे काही आढळले नाही.

रेडिएशनमुळे चावण्याच्या स्नायूंमध्ये ताठर तंतू तयार होतात आणि ही क्रिया रेडिएशन थांबल्यानंतरही महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालू राहते. त्यातच यांच्या गालाची आतली त्वचा अनेक वर्षांच्या सुपारीने आधीच कडक झालेली होती. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधील अंतर 35 मिलिमीटरपर्यंतच किंवा त्याहून कमी उघडत असेल, तर त्याला ट्रिसमस म्हणतात; यांचे अंतर 19 भरले. फिजिओथेरपिस्टने चपट्या लाकडी काड्यांची चवड दातांमध्ये धरायला शिकवले: ताण जाणवावा, पण कळ येऊ नये, आणि तेवढे सोसू लागले की एक काडी वाढवावी. दात हलत असतील किंवा जबड्याचे हाड कापलेले असेल, तर मात्र हे घरच्या घरी परस्पर सुरू करू नये.

बोलण्याच्या ओघात कळले की उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, दोरीवर कपडे टाकता येत नव्हते. हे वयामुळे असेल, असे ते धरून चालले होते. मानेतील गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस राखली तरी ती ताणली जाऊ शकते आणि खांदा कित्येक महिने दुबळा राहतो. हे दुखणे रुग्ण आपणहून क्वचितच सांगतात, म्हणून मी प्रत्येकाला हात वर करून दाखवायला सांगते.

पत्नीच्या मनातील अपराधीपणा दूर करणे मला तितकेच महत्त्वाचे वाटले. टाके केव्हाच भरून आले आहेत, हे डॉक्टरांच्या तोंडूनच त्यांना ऐकवले आणि रोजचे माप घेऊन कॅलेंडरवर लिहिण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले.

काही महिन्यांत अंतर 28 झाले, ब्रश दाढांपर्यंत पोहोचू लागला आणि डॉक्टरांना गालाची आतली बाजू नीट पाहता येऊ लागली. आजार परतला तर तो वेळेत दिसावा, यासाठीही तोंड उघडणे गरजेचे आहे, हे समजल्यावर त्यांनी व्यायाम मनावर घेतला. “आता बंद केला तर चालेल का?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी नाही म्हटले. स्नायू पुन्हा आवळू शकतात. त्यामुळे फिजिओथेरपिस्ट सांगतील तोवर रोजचा व्यायाम चालू ठेवावा आणि कोणताही दात काढण्यापूर्वी रेडिएशन झाल्याचे दंतवैद्यांना आवर्जून सांगावे, एवढे मी त्यांना लिहून दिले.