ड्रग्जच्या व्यसनावर चांगला डॉक्युफिक्शन पिक्चर कुठला?

भावा, पेद्रो कोश्ताचा 'इन वांदाज रूम' बघ, 2000 चा पोर्तुगीज पिक्चर. डॉक्युफिक्शन म्हणजे माणसं खरी, जागा खरी, पण सीन ठरवून, परत परत घेतलेले. यातली वांदा लिस्बनच्या फोंताइन्यास वस्तीत खरंच राहायची, हेरॉईन ओढायची, पिक्चरमध्ये पण ती स्वतःच हाय. अंधाऱ्या खोलीत पलंगावर बसून ओढते, खोकते, बहिणीशी गप्पा मारते आणि बाहेर वस्ती पाडायचं काम चालू, तो धाडधाड आवाज डोक्यातनं जात नाही. उपदेश नाही, रडारड नाही, तेच लई आवडलं मला. जवळजवळ तीन तासांचा हाय पण, दुपारी मिसळ हाणून लावलास तर झोपणार. कोल्हापुरात शाहू स्मारकच्या हॉलला असलं कधी लागलं तर सोडू नको, मोबाईलवर त्या अंधारात निम्मं दिसत नाही.