मार्ग तू निवड, खोली त्याला निवडू दे

रावपुरा, बडोदे

चि. सौ. भाचीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा निरोप वाचला. लग्नानंतरची पहिली मोठी सहल क्रूझची करायची इथपर्यंत दोघांचं एकमत आहे, पुढे गाडी अडली आहे. तुला बंदरावर उतरून गल्ल्या धुंडाळायच्या आहेत, देवळं, किल्ले, बाजार बघायचे आहेत. जावईबुवांना वर्षभराच्या शिफ्टनंतर सकाळी कुणी उठवू नये एवढीच इच्छा आहे. आणि आता तुम्ही दोघं मिळून मधलं काहीतरी शोधताय, ते वाचून लगेच लिहायला बसले. मधलं काही शोधू नका.

प्रवास कंपनीच्या टेबलामागे बसून मी आयुष्यभर जोडप्यांची तिकिटं काढली. मधल्या मार्गाचं काय होतं ते सांगते. चार बंदरांचा मार्ग घेतला जातो आणि दोनच ठिकाणी उतरायचं असा तह होतो. मग फिरायची आवड असलेला माणूस दोन दिवस डेकवरून समोरचं गाव नुसतं बघत राहतो, आणि झोपेची भूक असलेला माणूस उरलेले दोन दिवस सकाळी सातला तयार होऊन रांगेत उभा असतो. दोघांनीही एकमेकांसाठी सोडलेलं असतं, आणि घरी आल्यावर दोघांनाही ते आठवत राहतं. त्यापेक्षा निर्णयाचीच वाटणी कर. मार्ग आणि बंदरं तू निवडायची. जहाज आणि खोली त्याने निवडायची. समोरच्याच्या वाट्यात विचारल्याशिवाय मत द्यायचं नाही. एकेकदा 'हे मात्र नको' म्हणायचा हक्क दोघांनाही असू दे, तेवढा पुरे.

क्रूझमध्ये हे जमतं, म्हणून तर तुमच्यासारख्यांना मी ती सुचवते. सयाजीराव महाराज 1887 साली पहिल्यांदा युरोपला गेले तेव्हा बोट हे पोहोचायचं साधन होतं. आता जहाज हाच मुक्काम आहे. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात जसं दिवसा जो तो आपापल्या उद्योगाला जायचा आणि रात्री सगळे एका पंगतीला असायचे, तसं जहाजावर राहता येतं. तू दिवसभर गाव पालथं घाल, तो वर खुर्चीत पुस्तक घेऊन पडू दे. संध्याकाळी सहाला तू परत आलीस की खोली तीच, जेवणाचं टेबल तेच. मनालीच्या हॉटेलात नवऱ्याला एकटं सोडून निघालीस तर दोघांनाही चुटपुट लागेल. जहाजावर तसं होत नाही, कारण रात्री पुढच्या गावाला दोघंही बरोबरच निघता.

आता तुझा वाटा. माहितीपत्रकावर किती बंदरं आहेत ते मोजू नकोस, बंदरातले तास मोज. जहाज आठला लागतं आणि पाचला सुटतं असं लिहिलं असेल तर तुझ्या हातात नऊ तास येत नाहीत. उतरायला परवानगी मिळेपर्यंत वेळ जातो, आणि सुटण्याच्या निदान अर्धा-एक तास आधी सगळ्यांना जहाजावर परत यावं लागतं. शिवाय बंदर आणि गाव यांत किती अंतर आहे ते नकाशावर बघ. भूमध्य समुद्राच्या क्रूझमध्ये 'रोम' लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिवितावेक्कियाला, तिथून रोम सुमारे 80 किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तेही तितकंच लांब. उलट माल्टाच्या व्हॅलेटात तटबंदीच्या पायथ्याशीच उतरता येतं, आणि नेपल्सचं बंदर शहरातच आहे. गल्ल्यांची आवड असलेल्याने अशी बंदरं शोधावीत. नाहीतर तुझा अर्धा दिवस बसच्या खिडकीत जाईल.

धक्का आहे की नाही, हेही विचार. काही ठिकाणी मोठं जहाज किनाऱ्याला लागतच नाही, समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या होड्यांनी माणसं नेतात. थायलंडमध्ये फुकेतला पाटोंगच्या किनाऱ्यासमोर अनेक जहाजं अशीच उभी राहतात. लक्षद्वीपलाही तेच. होड्यांच्या रांगेत वेळ जातो, आणि समुद्र खवळला तर उतरणं रद्द होतं. उतरण्यासाठीच जाणाऱ्याला याचं वाईट वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पहिल्या वेळेसाठी माझं मत विचारशील तर सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची, मलेशियातल्या पेनांगला आणि फुकेतला जाऊन परत सिंगापूरला येणारी क्रूझ घ्या. एक पूर्ण दिवस समुद्रावर, दोन दिवस बंदरात. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी जमिनीच्या आडोशाला आहे, पाणी बहुतेक शांत असतं. अहमदाबादहून सिंगापूरला थेट विमान आहे, म्हणजे बडोद्याच्या माणसाला मुंबईचीही दगदग नाही. आणि पेनांग तर तुझ्यासाठीच आहे. जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं, ते जॉर्जटाऊनच्या अगदी कडेला. बाहेर पडलीस की थोडं चालल्यावर कॉर्नवॉलिस किल्ला येतो, तिथून पुढे लिटल इंडिया, क्वीन स्ट्रीटवरचं मारिअम्मनचं देऊळ, कापितान केलिंग मशीद, चिनी कुळांची खू कोंगसीसारखी मोठी घरं. सगळं पायी. 2008 साली युनेस्कोने हे गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. सहल विकत घ्यायची गरजच नाही, पायांत चांगले बूट आणि जवळ पाण्याची बाटली हवी.

एवढा खर्च आत्ता नको असेल तर मुंबई-गोव्याची छोटी क्रूझ आहे. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' 2021 पासून मुंबईहून जातं, 1990 सालचं, पूर्वी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे असलेलं जहाज. सुमारे 48 हजार टनांचं, म्हणजे आजच्या मोठ्या जहाजांपुढे लहानच. सिंगापूरचं 'गेंटिंग ड्रीम' दीड लाख टनांचं आहे. लहान जहाजावर शांत कोपरे कमी आणि गाण्यांचा आवाज सगळीकडे पोहोचतो, तेव्हा विश्रांतीला जाणाऱ्या माणसाने याचा विचार करावा. गोव्याला जहाज मुरगाव बंदरात, वास्कोजवळ लागतं. पणजीची फोंतेनास ही जुनी पोर्तुगीज वस्ती बघायची तर टॅक्सी करावी लागेल. अरबी समुद्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शांत असतो, पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिम किनाऱ्याची क्रूझ पहिल्यांदा घेऊ नका.

पोट कसं वागेल याची भीती त्याला आहे असं लिहिलंस. त्यासाठी हजारो रुपये भरून शोध लावायला नको. सुरतजवळच्या हजीऱ्याहून घोघ्याला रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी, बोट जाते, नोव्हेंबर 2020 पासून. चारेक तासांचा प्रवास, खंभातच्या आखातातून. एका रविवारी दोघं जाऊन या. ती बोट क्रूझच्या जहाजाहून कितीतरी लहान, तिच्यात ठीक वाटलं तर पुढची भीती बरीच ओसरेल. मळमळलंच, तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची. ती त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते, मागाहून घेऊन फारसा उपयोग होत नाही. आलेपाकही बरोबर ठेव.

आता खोली. इथे जावईबुवांचं चालू दे, पण नकाशा कसा वाचायचा ते त्याला दाखव. जहाज सगळ्यात कमी हलतं ते मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर. पुढच्या टोकाला वर-खाली होणं जास्त, वरच्या मजल्यांवर डोलणं जास्त. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो. खोलीच्या नंबरावर बोट ठेव, मग वरचा मजला उघडून त्याच जागी काय आहे ते बघ, आणि तसंच खालचाही. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यावर येतो. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर रात्री एकपर्यंत ठोके. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील ती जागा धर. लिफ्टच्या अगदी समोरची नको, दोन-चार दारं सोडून असलेली हवी.

बिनखिडकीची खोली सगळ्यात स्वस्त असते. दिवसभर बाहेर असणाऱ्या दोघांना ती पुरते, आणि अंधारामुळे झोपही गाढ लागते. पण तुमच्यातला एकजण खोलीतच दिवस काढणार आहे. त्याला बाल्कनी हवी. जास्तीचे पैसे घालायचेच तर इथे घाला, कारण बाल्कनी हीच त्याची सहल आहे, तुला जसं पेनांग. बाल्कनीसमोर जीवनरक्षक होडी टांगलेली नाही ना, तेही नकाशावर तपासा, अशा खोल्या स्वस्तात देतात आणि समुद्राऐवजी होडीचं बूड दिसतं. 'गॅरंटी' नावाच्या भाड्यात खोलीचा नंबर कंपनी ठरवते. पहिल्या खेपेला ते घेऊ नका. आणि त्याला एक गंमत सांग: बंदराच्या दिवशी जहाज निम्मं रिकामं होतं. तलावाकाठच्या खुर्च्या मोकळ्या, जेवणाला रांग नाही, मसाजला बऱ्याचदा सवलत. तू खाली गावात असशील तेव्हाच त्याचा दिवस सगळ्यात छान जाईल.

पैशाचं थोडक्यात. जाहिरातीतलं भाडं माणशी असतं, एका खोलीत दोघं धरून. त्यावर बंदर-शुल्क, कर आणि रोजची टिप चढते. वायफाय वेगळं. पेयांचं पॅकेज घेताना जपा. खोलीतल्या एकाने घेतलं तर दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावंच लागतं, असा बऱ्याच कंपन्यांचा नियम आहे. तुम्हा दोघांची सवय सारखी नाही, तेव्हा सुट्टंच घेतलेलं परवडेल. जहाज निघालं की फोन विमान मोडवर टाका, जहाजावरचं मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून येतं आणि बिल भयंकर लागतं. जैन किंवा शुद्ध शाकाहारी जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. घरून शिजवलेला डबा बहुतेक ठिकाणी चढवू देत नाहीत. रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर उशिराची घ्या, म्हणजे तू बंदरातून धापा टाकत परत येणार नाहीस.

एकटी उतरशील तेव्हाचं मात्र नीट ऐक. जहाजाचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ वेगळं असू शकतं, परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाने बघायची. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः फिरणाऱ्यासाठी थांबत नाही, पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठावं लागतं. तेव्हा शेवटच्या वेळेच्या तासभर आधी धक्क्यावर ये. पासपोर्टची छायाप्रत आणि बंदरावरच्या एजंटाचा नंबर जवळ ठेव, तो रोजच्या छापील पत्रकात असतो. पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत असते, ती टाळता येत नाही. तेव्हा आपल्या खोलीतून जमायच्या जागेपर्यंतचा रस्ता दोघांनी चालून बघा.

समुद्रावरचा एक दिवस मात्र पूर्ण त्याचा. त्या दिवशी तू नाचाचा वर्ग नि स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक अशी यादी घेऊन त्याला ओढू नकोस. जायचं तर तू एकटी जा, बारा वाजता जेवायला त्याच्याजवळ ये. आणि पेनांगला 'चल ना, तासभरच' असंही म्हणू नकोस. तो आपणहून आला तर गोष्ट वेगळी.

पैसे भरण्याआधी तुमचे दोन्ही पासपोर्ट काढून बघ. परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत हवी. जहाज सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच येतं, म्हणून व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा लागतो. मलेशिया आणि थायलंडचे नियम मधूनमधून बदलतात, ते त्या आठवड्यात तपासायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझं नाव. आधार कार्डावर सासरचं आडनाव झालंय, पासपोर्टवर अजून माहेरचंच असेल. तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव जसंच्या तसं हवं, नाहीतर धक्क्यावरूनच परत पाठवतात. नाव बदलून घ्यायचं असेल तर त्याला वेळ लागतो, तेव्हा आधी ते करून घ्या नाहीतर जुन्याच नावावर जा. दोन्ही पासपोर्ट घेऊन रविवारी सकाळी दोघं इकडे या, मजल्यांचे नकाशे मी काढून ठेवते. जावईबुवांना दहाच्या आधी उठवू नकोस.

कळावे,
तुझी मावशी