गणित कच्चं आहे. तरी कोड लिहून चित्रं आणि ब्राउझरमधले छोटे खेळ करता येतील का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. करताय, बारावीला गणित नव्हतं, घरी चार जीबीचा जुना लॅपटॉप आहे, आणि 'याला कला म्हणायचं का' हाही प्रश्न पडलाय. मीही वाणिज्यवालीच. दिवसा जीएसटीची रिटर्न्स भरते, रात्री जेवणं आवरली की तासभर ब्राउझरमध्ये रेघोट्या मारते. सहा वर्षं झाली. तेव्हा जमेल का, याचं उत्तर झालं. सुरुवातीचं सांगते.

लॅपटॉप आज उघडू नका. चौकटीची वही घ्या आणि एक रुपयाचं नाणं. दहा बाय दहा चौकटी आखा. प्रत्येक चौकटीसाठी नाणं उडवा: छापा आला तर एका बाजूला तिरकी रेघ, काटा आला तर दुसऱ्या बाजूला. असं शंभर वेळा. कंटाळा येईल, पण निम्म्यावर गेलात की कागदावर एक भुलभुलैया दिसायला लागेल, जो तुम्ही काढायला घेतलाच नव्हता. १९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर हेच चित्र बेसिक भाषेच्या एका ओळीत निघायचं. या छंदातल्या बऱ्याच जणांना ती ओळ अजून पाठ असते.

संगणकावर चित्रं काढणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कलाकारांपैकी एक, व्हेरा मोल्नार, १९२४ साली बुडापेस्टला जन्मल्या आणि पॅरिसमध्ये राहिल्या. त्यांच्या हाती संगणक आला १९६८ साली. त्याच्या आधीच काही वर्षं त्या स्वतःला यंत्र समजून, कागदावर नियम लिहून ते हाताने पाळत चित्रं काढत होत्या. २०२३च्या डिसेंबरात त्या वारल्या. कला आहे की नाही, यावर मी वाद घालत नाही. त्यांची चित्रं बघा आणि तुम्हीच ठरवा.

वहीचं झालं की पी-फाइव्ह जेएस, म्हणजे कोड लिहून चित्रं काढायचं साधन. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ साली एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये 'प्रोसेसिंग' सुरू केलं, चित्रकार आणि डिझायनर मंडळींना कोड लिहिता यावा म्हणून. लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ पासून तोच विचार जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरला समजणाऱ्या भाषेत, आणला, तो हा पी-फाइव्ह. फुकट आहे, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, त्याचा एडिटर ब्राउझरमध्येच उघडतो. कोडचे दोन भाग असतात: 'सेटअप' एकदाच चालतो, 'ड्रॉ' सेकंदाला साधारण साठ वेळा. इथेच सगळे पहिल्यांदा अडखळतात: नाणेफेक ड्रॉमध्ये लिहिली की दर सेकंदाला साठ वेळा नव्याने होते आणि चित्र थंडी वाजल्यासारखं थरथरतं. 'नो-लूप' लिहा, थांबेल. दुसरी गंमत, इथे वाय-अक्ष वरून खाली वाढतो. शाळेतला आलेख विसरा. बाकी गणित म्हणाल तर बेरीज, वजाबाकी आणि भागाकारातली बाकी. साइन-कोसाइन लागतं ते काहीतरी झुलवायचं असेल तेव्हा, आणि तेही त्या वेळी आपोआप शिकलं जातं.

माझं पहिलं धड चित्र रांगोळीचं होतं. आमच्याकडे ठिपक्यांचा कागद होता: जाड कागदाला उदबत्तीने सारख्या अंतरावर पाडलेली भोकं, वरून रांगोळी पसरली की खाली फरशीवर ठिपके तयार. हा कागद म्हणजे एकात एक बसवलेले दोन फॉर-लूप (तेच काम ठरावीक वेळा पुन्हा करायला लावणारा कोड), एक आडव्या ओळींचा, एक उभ्या रांगांचा. मी चार ठिपक्यांमधला प्रत्येक चौकोन एक फरशी धरला. फरशीवर दोन पाव-वर्तुळं, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतल्या ठिपक्यांना वळसा घालणारी. ती कुठल्या जोडीला द्यायची, ते नाण्यावर. रेघ कुठेही तुटत नाही, कारण प्रत्येक कंस बाजूच्या बरोब्बर मध्यावर येऊन संपतो. मला फार भारी वाटलं. आईने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही काय रांगोळी? शेवया सांडल्यागत दिसतंय."

खरं होतं. मग नाणेफेक फक्त वरच्या डाव्या पावभागात ठेवली आणि उरलेले तीन भाग आरशासारखे फिरवून घेतले. तरी चित्र लंगडतच होतं. वळणं सगळी जुळत होती, पण डोळ्याला खटकत होतं. दोन रात्री गेल्या. चूक अशी की मी फरशीची जागा आरशातली घेत होते, पण फरशी जशीच्या तशी ठेवत होते. आरशात छाप्याची फरशी काट्याची होते! शेजारच्या आणि खालच्या भागात ती उलटवायची. तिरक्या समोरच्या भागात दोनदा उलटून पुन्हा मूळचीच. एवढं बदललं आणि शेवयांची रांगोळी झाली. आईने मान डोलावली, मग "रंग कुठंय?" विचारलं.

आपल्याकडे ठिपके जोडण्याची रीत जास्त. ठिपक्यांना वळसे घालत जाणारी रेघ कोलमची, म्हणजे तमिळ रांगोळीची. तिच्यावर मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधल्या गिफ्ट सिरोमनी यांनी राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांच्यासोबत १९७४ साली शोधनिबंध लिहिला होता, कोलमच्या व्याकरणावर. म्हणजे उंबऱ्यापुढची रेघ संगणकशास्त्रात जाऊन आता पन्नास वर्षं होऊन गेली.

खेळांबद्दल थोडक्यात. नकाशे, शत्रू, दहा लेव्हल असं काही मनात असेल तर ते पुरं होणार नाही, माझे तीन अर्धवट पडलेत. 'वर्डल' हा शब्द ओळखायचा खेळ आठवा: दिवसाला एक शब्द, सहा प्रयत्न, बस. १ नोव्हेंबर २०२१ ला तो खेळणारे ९० जण होते, दोन महिन्यांनी तीन लाख. एवढासा जीव असलेला खेळ करा. जेएस-१३-के नावाची स्पर्धा २०१२ पासून दर वर्षी १३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर चालते. अख्खा खेळ, चित्रं-आवाजासकट, झिप करून १३ किलोबाइटमध्ये बसवायचा. जुन्या खेळांचा कोड गिटहबवर, म्हणजे लोक आपला कोड ठेवतात त्या साइटवर, वाचायला मिळतो. भाग घेतला नाही तरी चालेल, वाचा.

मराठी शब्दांचा खेळ करणार असाल तर एक खड्डा आधीच दाखवते. 'मराठी' ही आपल्याला तीन अक्षरं, जावास्क्रिप्टला पाच, कारण काना आणि वेलांटी तो वेगळी मोजतो. 'क्षत्रिय' तर आठ! शब्दाचे तुकडे करायला साधं 'स्प्लिट' वापरलंत तर चौकटीत नुसती वेलांटी लोंबकळत राहील. त्याऐवजी जावास्क्रिप्टमधलंच 'इंटल सेगमेंटर' वापरा, ते अक्षरं धरून तुकडे करतं. पण जोडाक्षर एकसंध ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये (संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या मानकात) २०२३ साली आला, त्यामुळे जुना ब्राउझर क्षचे दोन तुकडे करतो. मी शेवटी स्वतःच नियम लिहिला: हलन्त चिन्हानंतर येणारं व्यंजन मागच्याला चिकटवायचं. चार ओळींत काम झालं.

आणखी एक. पी-फाइव्हमधल्या 'रँडम-सीड'ला आकडा दिला की नाणेफेक दर वेळी त्याच क्रमाने होते. तो आकडा फाइलच्या नावात टाकत जा. एकदा रात्री दीडला मला हवी तशी रांगोळी पडली होती, मी सवयीने रिफ्रेश दाबलं, आणि ती परत कधी आली नाही.

चार जीबी पुरतात. चित्र अडखळायला लागलं तर 'पिक्सेल-डेन्सिटी' (चित्र किती बारीक ठिपक्यांत काढायचं, ते) एक करा आणि बाकीचे टॅब बंद करा.