नातवंडांच्या हातात पहिला गळ देताना

आजोबा, पहिल्याच दिवशी रीळवाला रॉड नको. ५-६ फुटांची बांबूची काठी आणि तेवढीच लांब तंगूस (नायलॉनची दोरी) पुरते. गळ लहान घ्या आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, म्हणजे बोटात रुतला तरी सहज निघतो.

नवी मुंबईत दिवाळे गावाच्या किंवा वाशीच्या खाडीवर जायचं तर अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती बघा. उधाणात पाण्याला इतकी ओढ असते की बोया (दोरीला बांधलेला तरंगता खुणेचा तुकडा) आडवा पडून वाहत जातो, मग मासा लागला की पाण्याने ओढलं हे मुलांना कळतच नाही.

आमिषाला सोललेली कोळंबी, वाटाण्याएवढी. तुकडा मोठा असला की मासे कडेने कुरतडून नेतात. बोया थरथरला की मुलं लगेच हिसका देतात. तो पूर्ण बुडेपर्यंत थांबायला शिकवा, मग नुसतं मनगट वर.

शिंगाळा किंवा चिवणी (मिशा असलेले मासे) लागली तर मुलांनी अजिबात हात लावायचा नाही. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन विषारी काटे असतात. जाड ओल्या फडक्यात धरून तुम्हीच सोडवा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि डॉक्टर गाठा.

लाइफ जॅकेट जेट्टीवरसुद्धा हवंच. चिखलात उतरू देऊ नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो.