व्याकरण ठीक असूनही माझी इंग्रजी वाक्ये अवघडलेली का वाटतात?

आपले व्याकरण बरे आहे, शब्दही पुष्कळ पाठ आहेत, तरी नेमका शब्द सापडत नाही आणि वाक्य ओढूनताणून जुळवल्यासारखे होते, असे आपण विचारले आहे. याच कारणावरून मी नोकरीत बोलणी खाल्ली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मी पारोळा तालुक्यातली, घरी अहिराणी बोलणारी. पहिली नोकरी जळगावात, केळी निर्यात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे, आखाती देशांतील ग्राहकांशी पत्रव्यवहार करण्याची मिळाली. एका ग्राहकाची रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल, एवढेच मला विचारायचे होते. मी लिहिले, 'आय हॅव अ डाउट अबाउट युवर पेमेंट.' शाळेच्या वहीत 'डाउट म्हणजे शंका' असे लिहिलेले होते आणि वर्गात शंका विचारण्यात गैर काहीच नसते. परंतु मराठीतील शंका हा प्रश्नही असतो आणि संशयही; इंग्रजीतील 'डाउट' आपल्या देशाबाहेर बहुधा संशयच समजला जातो. आम्ही पैसे बुडवू असे तुम्हाला वाटते काय, अशी तक्रार दुसऱ्याच दिवशी थेट मालकांकडे आली. तेथे 'क्वेश्चन' हा साधा शब्द पुरला असता.

त्या वेळचे व्यवस्थापक सर्वांसमोर म्हणाले, "आधी ती अहिराणी सोडा, मग इंग्रजी येईल." मी गप्प राहिले, पण ते बोलणे आजही सलते.

एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द लिहिलेली वही प्रथम बंद करा. शब्द नेहमी त्याच्या सोबतच्या शब्दासह टिपावा. आपल्याकडे पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा; इंग्रजीत मात्र पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग'. वादळाने रावेरकडील बागा आडव्या झाल्या, घड जमिनीला टेकले, तेव्हा माल उशिरा येण्याचे कारण कळवताना मी 'हेवी विंड' लिहिले होते. आपण विषयावर चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'पुढे नको असलेला 'अबाउट' येतो; लग्न कोणाशी तरी होते, म्हणून 'मॅरीड'नंतर 'टू'ऐवजी 'विथ' येतो. अशा जोड्यांसाठी शिकणाऱ्यांकरिता केलेला इंग्रजी-इंग्रजी कोशच वापरावा. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना अशा कोशाचे काम झाले आणि १९४८ साली तो ऑक्सफर्डने काढला. क्रियापदानंतर कोणती रचना येते, हे त्यात मुद्दाम दाखवलेले असते. जड शब्दांचा सोस तर सोडाच. 'डू द नीडफुल' लिहिण्यापेक्षा नेमके काय करून हवे ते लिहावे.

अहिराणीने इंग्रजी बिघडते, हे मला अजिबात मान्य नाही. घरी 'मी जास' म्हणणारे मूल शाळेत 'मी जातो' म्हणायला शिकते, तेव्हाच त्याला कळलेले असते की एकच गोष्ट दोन भाषांत दोन प्रकारे सांगायची असते. माझी चूक घरच्या भाषेतून आली नव्हती, शाळेच्या वहीतून आली होती, आणि व्यवस्थापक स्वतः रोज 'डिस्कस अबाउट' लिहीत असत.

हे सर्व मुख्यतः लेखनाबद्दल आहे. बोलताना जोड्या तपासत बसल्यास तोंडच उघडणार नाही. शिवाय आपल्या देशात 'डाउट' विचारला तर कोणी रागावत नाही, तेथे तो खुशाल विचारावा.