शेजाऱ्यांनी रविवारी चर्चला बोलावलंय. तिथे काय चालतं, आणि ख्रिस्ती नसलेल्याने गेलं तर चालतं का?

तुम्ही ऐरोलीत नव्याने राहायला आलात आणि शेजारचं ख्रिस्ती कुटुंब आग्रह करतंय, असं लिहिलंय. जरूर जा. मी नगरकडच्या मराठी प्रोटेस्टंट घरात वाढले, लग्नानंतर नवी मुंबईत आले. त्यामुळे माझ्या माहितीतल्या मंडळ्यांबद्दल, म्हणजे एकेका चर्चमध्ये जमणाऱ्या लोकांबद्दल, सांगते.

वागण्याची काळजी करू नका. सगळे उठले की उठा, बसले की बसा. अर्पणाची थैली फिरते, पाहुण्याने त्यात काही टाकलंच पाहिजे असं नसतं. प्रभुभोजन असेल तर मात्र जागेवरच बसून राहा. ती भाकर आणि द्राक्षारस बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतात, कारण येशूने वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री शिष्यांसोबत घेतलेल्या भोजनाची ती आठवण आहे. आमच्याकडे बऱ्याच मंडळ्यांत ते महिन्यातून एकदा होतं. कॅथलिकांकडे, म्हणजे ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्टसारख्या चर्चमध्ये, प्रत्येक मिस्सात, म्हणजे त्यांच्या उपासनेत, ते असतं.

गाणी ऐकून तुम्हाला कदाचित नवल वाटेल. पेटी-तबल्यावर अभंगाच्या चालीत भजन सुरू होतं. यातली कितीतरी गीतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला राहून मराठी मातीतली ख्रिस्ती भक्ती शब्दांत आणली. ती गाताना मला आजही भरून येतं.

आता तुमचा खरा प्रश्न: हे लोक एकत्र येऊन करतात काय? बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या विश्वासणाऱ्यांबद्दल चार गोष्टी सांगितल्या आहेत: प्रेषितांचं (येशूच्या निवडक शिष्यांचं) शिक्षण, सहभागिता म्हणजे एकमेकांच्या सुखदुःखात वाटेकरी होणं, भाकर मोडणं म्हणजे प्रभुभोजन, आणि प्रार्थना. आजही सगळं याभोवतीच फिरतं. बायबलच्या वचनाचं वाचन आणि पाळकांचा (धर्मगुरूंचा) संदेश तुम्ही रविवारी ऐकालच. सहभागिता मात्र तासाभराच्या उपासनेत दिसत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच आहे.

मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी केलेली, प्रार्थना नीट ऐका. कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या मुलाची परीक्षा आहे, हे नावं घेऊन देवापुढे मांडलं जातं. एकदा नाव घेतलं की त्या माणसाकडे पाठ फिरवता येत नाही. आठवड्यात कोणी दवाखान्यात डबा पोचवतं, महिला मंडळाच्या बायका घरी जाऊन प्रार्थना करतात. कोणी वारलं तर रात्रभर गीतं गात घरच्यांसोबत बसणारे, दफनाची धावपळ करणारे हेच लोक असतात. नवी मुंबईत जो तो कुठून कुठून आलेला, भावकी गावाकडे राहिलेली. अशा वेळी मंडळीच भावकी होते.

भांडणंही होतात, ते लपवत नाही. कमिटीच्या निवडणुकीवरून वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. म्हणूनच समेट ही मला ख्रिस्ती जीवनाची कसोटी वाटते. येशूची शिकवण स्पष्ट आहे: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. त्यामुळे मनात वैर ठेवून प्रभुभोजनाला जाणं अनेकांना जमत नाही. कोणी त्या दिवशी बाकावरच बसून राहतं, कोणी आदल्या संध्याकाळी फोन करतं. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस चर्चच्या आवारात सफाई कामगाराचा हात धरून क्षमा मागतो, हे मी पाहिलंय. दुसरीकडे कुठे सहज होईल ते?

उपासना संपली की लगेच निघू नका. खरी ओळख बाहेर चहा घेताना होते. ‘जय ख्रिस्त’ किंवा ‘सलाम’ म्हणत लोक हात पुढे करतील; तुम्ही नमस्कार म्हणा, सगळ्यांना आवडेल. आणि शेजाऱ्यांना वेळ आधी विचारून ठेवा, कारण इथे एकाच इमारतीत मराठी, हिंदी, मल्याळी उपासना वेगवेगळ्या वेळी होतात.